एका कागदाएवढी जागा

घरातलं कालचं वर्तमानपत्र घ्या. त्यातला एकच कागद वेगळा करा आणि त्याची तीनदा घडी घाला. चिमटीत आता आठ थर आहेत. बोटांना लागते ती जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त, आणि जवळपास तेवढीच जाडी तुमच्या डोळ्याच्या पुढच्या काचेची आहे. डॉक्टर तिला कॉर्निया म्हणतात, शाळेच्या पुस्तकात तिचं नाव पारपटल आहे, आणि आमच्या नेवाशात तिला वेगळं नावच नाही. सगळं मिळून बुबुळ. जी वस्तू दिसतच नाही तिला नाव कोण देणार? दिसायला लागली की मात्र लगेच नाव मिळतं: डोळ्यात फूल पडलं.

आता त्या घडीतले तीन थर मनातल्या मनात काढून टाका. पाच उरले. डोळा आतून पाण्याने भरलेला, ताणलेला असतो. सायकलची ट्यूब एका जागी विरली की हवा भरताना तिथेच गोळा येतो, तसंच इथे होतं. घुमटासारखा गोल असायचा तो कॉर्निया मधोमध, बहुतेक वेळा मध्याच्या जरा खाली, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. या आजाराचं नाव केराटोकोनस. ग्रीकमध्ये ‘केरास’ म्हणजे शिंग. शिंगासारख्या पडद्याचा शंकू, एवढाच त्याचा अर्थ. १८५४ साली इंग्लंडमधल्या जॉन नॉटिंगहॅम या डॉक्टरने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण पुढची जवळजवळ दीडशे वर्षं हा आजार थांबवता येईल असं काहीच कुणाच्या हाती नव्हतं.

मला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. काही वर्षांपूर्वी आषाढ वद्यातल्या कामिका एकादशीला आम्ही पैस खांबाच्या दर्शनाच्या रांगेत उभे होतो. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली, तो हा खांब. अंधारून आलं होतं, बल्बच्या माळा लागल्या होत्या. एकोणीस वर्षांचा भाचा एक डोळा तळहाताने झाकून वर बघत होता.

“मामा, तुम्हाला तो बल्ब एकच दिसतो का?”

“मग किती दिसणार?”

“मला तीन दिसतात. आणि प्रत्येकाला खाली शेपटी.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. दोन वर्षांत त्याचा तिरका नंबर तीनदा बदलला होता आणि आम्ही सगळा दोष मोबाइलला देऊन मोकळे झालो होतो. शेवटी शहाणपणा दाखवला तो चष्मेवाल्याने. “आता नवी काच करून देणार नाही मी,” तो म्हणाला, “पैसे वाया जातील तुमचे. याला आधी कॉर्नियाच्या डॉक्टरला दाखवा.” धंदा सोडून खरं बोलणारा माणूस भेटला, हे आमचं नशीब.

पुण्याला गेलो. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, पापणी मिटायची नाही. यंत्र काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचा उजेड डोळ्यावर टाकतं आणि त्याचं प्रतिबिंब टिपतं. वर्तुळांमागे वर्तुळं, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशी. निरोगी डोळ्यात ती गोल दिसतात. भाच्याच्या डोळ्यात खालच्या बाजूला चेपून एकमेकांना चिकटली होती. ही युक्ती पोर्तुगालच्या अंतोनिओ प्लासिदो यांची, एकोणिसाव्या शतकातली. तेव्हा हातात गोल तबकडी धरून मधल्या भोकातून बघायचे. आता संगणक त्याच प्रतिबिंबाचा रंगीत नकाशा काढतो, हवामान खात्याच्या पावसाच्या नकाशासारखा. लाल ठिपका म्हणजे उंचवटा. शेजारी दुसरा नकाशा जाडीचा. त्यात सगळ्यात पातळ जागेवर आकडा होता: ४१२. सर्वसाधारण माणसाचा मधला आकडा ५४०च्या आसपास असतो. एकक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

घरी आल्यावर एक गोष्ट मला यंत्राशिवाय दिसली. तो ताटाकडे खाली मान घालून जेवत होता आणि मी बाजूला उभा होतो. त्याची खालची पापणी सरळ नव्हती. मधोमध टोक काढून बाहेर ढकलली गेली होती. आत शंकू आहे, आणि पापणी त्याच्यावरून घसरतेय. डॉक्टरी पुस्तकात या खुणेलाही एका माणसाचं नाव आहे, मन्सनची खूण. रोज समोर बसून जेवणाऱ्या पोराची पापणी आम्ही कधी बघितलीच नव्हती.

हा आजार दुर्मिळ आहे असं समजत होतो. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या जुन्या मोजणीत तो दोन हजारांत एकाला निघाला होता. पण आपल्याकडची गोष्ट वेगळी दिसते. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या साडेचार हजारांहून जास्त माणसांचे डोळे तपासून झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. कॉर्नियाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असेल तर केराटोकोनस, असं धरलं, तर शंभरात सव्वादोनाहून जास्त माणसं त्यात सापडली. तीच रेघ ५० डायॉप्टरवर ओढली, तर हजारात एकच. म्हणजे रेघ कुठे मारायची यावर गावातले रोगी वाढतात किंवा कमी होतात. माझं मत विचाराल, तर खरा आकडा या दोन रेघांमध्ये कुठेतरी आहे, आणि त्यातले पुष्कळ जण आयुष्यभर ‘नंबर बसत नाही’ एवढंच म्हणत राहतात.

कारण काय? काही अंशी घराणं, काही अंशी ॲलर्जी, आणि सगळ्यांत घरगुती गोष्ट म्हणजे डोळे चोळणं. कोरड्या, उष्ण, धुळीच्या मुलखात डोळे खाजतात, पोरं मुठींनी चोळतात. पाचट पेटवलेल्या शेताजवळून मोटारसायकलने या, म्हणजे कळेल. भाचा बोटांच्या सांध्यांनी चोळायचा, कणीक मळावी तसा. डॉक्टरांनी पहिलं औषध लिहिलं ते खाज थांबवणारे थेंब, आणि पहिली ताकीद दिली ती हात डोळ्याला न लावण्याची.

इथे जरा थांबून या काचेचं कौतुक करू द्या. कॉर्निया कशाचा बनलाय? मुख्यतः कोलॅजेनचा. पायातल्या वहाणेचं चामडं त्याचंच, गुडघ्याचे दोर त्याचेच, आणि डोळ्याचा पांढरा भागही त्याचाच. तोच माल एकीकडे पांढरा फटक आणि दोन मिलिमीटर अलीकडे पारदर्शक. फरक मालाचा नाही, रचनेचा. १९५७ साली डेव्हिड मॉरिस या संशोधकाने हे कोडं सोडवायची वाट दाखवली. कॉर्नियातले धागे सगळे सारख्या जाडीचे आणि सारख्या अंतरावर असतात. त्यांनी इकडेतिकडे विखुरलेला प्रकाश एकमेकाला खोडून टाकतो आणि सरळ जाणारा तेवढा उरतो. उसाच्या फडात सरीच्या तोंडाशी उभं राहिलं की पलीकडचा बांध दिसतो; दोन पावलं तिरकं सरका, नुसती हिरवी भिंत. उपमा थोडी लंगडी आहे, पण ओळीत उभं राहण्याची किमया तिच्यातून कळते. अशा धाग्यांचे दोनशेहून जास्त पापुद्रे एकावर एक. रक्तवाहिनी एकही नाही. असती तर दिसण्यात आडवी आली असती. म्हणून हा पडदा प्राणवायू थेट हवेतून घेतो, अश्रूंत विरघळवून.

केराटोकोनसमध्ये हे धागे आणि पापुद्रे एकमेकांवरची पकड सोडतात. वाढ्याने आवळून बांधलेली मोळी सैल पडली की ऊस सरकायला लागतात, तसे ते सरकतात. मग प्रश्न असा, की मोळी पुन्हा आवळायची कशी?

उत्तराचा माग साखरेतून लागला. मधुमेह झालेल्यांना केराटोकोनस सहसा होत नाही, झाला तर बळावत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. रक्तातली जास्तीची साखर कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी चिकटवते. शरीराला ते घातक, पण कॉर्निया मात्र कडक होतो. भेंड्याचा आणि सोनईचा, असे दोन साखर कारखाने ज्या तालुक्यात आहेत तिथल्या माणसाला हे ऐकून गंमत वाटावी. पण साखर न वाढवता तेच बंध घालायचे कसे? जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात थिओ झायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेनझाक यांनी ते जमवलं आणि २००३ साली रुग्णांवरचे निकाल मांडले. लागलं काय? एक जीवनसत्त्व आणि जांभळ्यापलीकडचा, म्हणजे अतिनील प्रकाश.

जीवनसत्त्व म्हणजे ब-२, रायबोफ्लेविन. ते तुम्ही पाहिलेलं आहे. दूध नासून पनीर काढलं की भांड्यात जे हिरवट पिवळं पाणी उरतं, त्याचा रंग रायबोफ्लेविनचा. ब-जीवनसत्त्वाची गोळी घेतल्यावर लघवी भडक पिवळी होते, तीही याच्यामुळे. हे द्रावण कॉर्नियात मुरवायचं आणि वरून ठरावीक अतिनील प्रकाश अर्धा तास टाकायचा. रायबोफ्लेविन तो प्रकाश पितं, प्राणवायूला पेटवतं, आणि त्या धांदलीत शेजारशेजारच्या धाग्यांत नवे बंध पडतात. दात भरताना दंतवैद्य निळा दिवा धरून मसाला घट्ट करतो, त्याच जातीची ही गोष्ट. प्रयोगशाळेत माणसाच्या कॉर्नियाचा ताठपणा यामुळे चौपटीहून जास्त झालेला मोजला गेला. डॉक्टर याला क्रॉसलिंकिंग म्हणतात, भाचा ‘लाइट मारली’ म्हणतो.

आता अडचण. कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो. तरुण माणसात एका चौरस मिलिमीटरमध्ये अडीच-तीन हजार पेशी. त्यांचं काम पंपाचं: कॉर्नियात झिरपणारं पाणी सतत बाहेर उपसायचं. पंप थांबला की कॉर्निया फुगतो आणि दुधाळ होतो. या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि अतिनील प्रकाश त्यांना मारू शकतो. म्हणून ड्रेस्डेनकरांनी नियम घातला: वरची साल काढल्यानंतर निदान ४०० मायक्रॉन जाडी उरली पाहिजे. तेवढ्या जाडीत मुरलेलं रायबोफ्लेविन बहुतेक प्रकाश वरच्या वर गिळून टाकतं आणि पंपापर्यंत फारसं काही पोचत नाही.

भाच्याचा आकडा ४१२. वरची साल, म्हणजे एपिथेलियम, साधारण ५० मायक्रॉनची. ती काढल्याशिवाय औषध नीट मुरत नाही. उरले ३६२. तूट ३८ मायक्रॉनची. वर्तमानपत्राच्या अर्ध्या कागदाएवढी.

पातळ कॉर्नियाच्या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास या अर्ध्या कागदाभोवती फिरतो असं मला वाटतं. शस्त्रक्रिया म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कापणं येतं. चष्मा घालवणारी लेझर शस्त्रक्रियाही कॉर्निया तासूनच नंबर उतरवते. केराटोकोनसमध्ये ती करणं म्हणजे पडायला आलेल्या भिंतीच्या विटा काढणं. इथे काढण्याजोगं काही शिल्लकच नसतं. म्हणून गेल्या वीस वर्षांत या विद्येत जे जे सुचलं, ते भर घालण्याचं आहे.

पहिली भर पाण्याची. मूळ द्रावणात डेक्स्ट्रान नावाचा पदार्थ होता; तो कॉर्नियातलं पाणी ओढून घ्यायचा, त्यामुळे शस्त्रक्रिया चालू असतानाच पडदा आणखी आटायचा. स्वित्झर्लंडचे फरहाद हाफेझी आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये उलटं केलं. डेक्स्ट्रान वगळून पातळ द्रावण वापरलं, आणि रात्री भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा कॉर्निया पाणी पिऊन फुगला. भाच्याला हेच केलं. तो शुद्धीत होता, डोळा फक्त थेंबांनी बधिर केलेला. पेन्सिलीएवढं एक यंत्र दर काही मिनिटांनी डोळ्याला टेकवायचे आणि सिस्टर आकडा मोठ्याने सांगायच्या. तीनशे एकाहत्तर. थेंब. तीनशे अठ्ठ्याऐंशी. थेंब. तीनशे सत्त्याण्णव. “पेट्रोल पंपावर मीटर बघतो तसं वाटत होतं,” तो नंतर म्हणाला. चारशे सहा झाले तेव्हा कुणीतरी “चला” म्हटलं आणि निळा उजेड लागला.

पण सगळेच कॉर्निया असे आज्ञाधारक नसतात. काही फुगत नाहीत, काही फुगून मध्येच आटतात. त्यांच्यासाठी चेन्नईच्या डॉ. सूझन जेकब यांनी २०१४ मध्ये मांडलेली युक्ती मला यातली सगळ्यात आवडती वाटते, कारण ती इतकी साधी आहे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायची, अतिनील प्रकाश न अडवणारी. ती अर्धा तास रायबोफ्लेविनमध्ये बुडवून ठेवायची आणि कॉर्नियावर घालायची. लेन्स आणि तिच्याखालचा औषधाचा पातळ थर मिळून सुमारे शंभर मायक्रॉनची भर पडते. प्रकाशाला काय कळतंय, खाली माणसाचा पडदा आहे की लेन्स? तो चारशेच्या पुढची जाडी ओलांडतो आणि पंपापर्यंत पोचेस्तोवर दमलेला असतो. दिल्लीच्या डॉ. महिपाल सचदेव आणि सहकाऱ्यांनी लेन्सऐवजी दुसऱ्या माणसाच्या कॉर्नियाचा काप वापरला. चष्मा घालवण्याच्या एका लेझर शस्त्रक्रियेत कॉर्नियातून भिंगाच्या आकाराचा पापुद्रा काढून फेकून देतात. एकाच्या डोळ्यातली ती जास्तीची चकती दुसऱ्याच्या पातळ जागेवर बरोबर बसवायची आणि मग दिवा लावायचा. एकाने टाकलेलं दुसऱ्याचं छप्पर.

आणि मग हाफेझींनीच २०२१ मध्ये प्रश्नच फिरवला. कॉर्नियाला प्रकाशाच्या मापाचं करण्यापेक्षा प्रकाशालाच कॉर्नियाच्या मापाचा का करू नये? जेवढी जाडी कमी तेवढा वेळ कमी. हिशोब असा, की तळाशी पंपाच्या वर ७० मायक्रॉनचा पट्टा अस्पर्श राहावा. सत्तर मायक्रॉन! आपल्या घडीतला नेमका एक कागद. या पद्धतीने त्यांनी अगदी २१४ मायक्रॉन उरलेले कॉर्नियाही हाताळले, आणि ३९ डोळ्यांपैकी ३५ मध्ये वर्षभरानंतर आजार पुढे सरकलेला नव्हता. तीन कागदांची जाडी, त्यातला एक राखून ठेवलेला, आणि उरलेल्या दोनात दुरुस्ती.

हे सगळं ऐकून घरचे विचारतात तेच ताईने विचारलं: “म्हणजे आता चष्मा जाईल ना?” नाही. क्रॉसलिंकिंगने आजार थांबतो, शंकू मागे जात नाही. गेला तर थोडासाच. तीन दिवस डोळ्यात मिरची पडल्यासारखी आग होते आणि नंतरही बल्ब तीनच दिसतात. ते सांगताना डॉक्टरांचा आवाज जरा उतरतो, पण मला वाटतं तेव्हाच तो सगळ्यात मोठा असायला हवा. पोरं उगीच आशा लावून बसतात.

शंकू बसवायचा तर दुसरी वाट. फ्रान्सचे जोसेफ कोलँ यांनी २००० साली केराटोकोनससाठी वापरून दाखवलेली: प्लॅस्टिकच्या बारीक कमानी कॉर्नियाच्या पोटात, कडेच्या बाजूने सरकवायच्या. मांडवाच्या कडांना आतून बांबू खोवला की कापड ताणलं जातं आणि मधला उंचवटा उतरतो, तसा मधला शंकू थोडा सपाट होतो. मात्र या कमानी जाडीच्या तीन चतुर्थांश खोल बसवाव्या लागतात आणि त्या जागेवर चारशे-साडेचारशे मायक्रॉन तरी हवे असतात. पातळ पडद्यात प्लॅस्टिक हळूहळू वर उमलून बाहेर यायचा धोका. इथेही डॉ. जेकब यांनीच प्लॅस्टिक काढून टाकलं. नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाच्या चंद्रकोरी कापायच्या आणि लेझरने केलेल्या बोगद्यात त्या ओवायच्या. माणसाचंच ऊतक असल्यामुळे ते कमी खोलीवर आणि पातळ डोळ्यांतही चालतं. शिवाय यासाठी दात्याच्या पंपपेशी उत्तम असायची गरज नाही. म्हणजे एरवी पूर्ण रोपणाला नापास ठरलेला कॉर्निया इथे पास होतो.

नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांच्या गटाने याहून नाजूक काम केलं आहे. कॉर्नियाच्या सालीखाली बोमन नावाचा दहाएक मायक्रॉनचा चिवट थर असतो. तो दात्याच्या डोळ्यातून सोलून रुग्णाच्या कॉर्नियाच्या पोटात पसरायचा. मसाला डोसा करताना तव्यावरून पापुद्रा सोडवताना माझे हाल होतात, म्हणून या लोकांबद्दल मला भीतीयुक्त आदर आहे.

आणि काही डोळे असे असतात, जिथे शंकूच्या टोकावर डाग पडलेला असतो, लेन्स टिकत नाही, भर घालून भागत नाही. तिथे मग खोदकाम.

हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आमच्या गावाला लाडमोड नावाची टेकडी आहे. १९५४ ते ५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांनी तिथे उत्खनन केलं. वरून मराठेशाहीची आणि सुलतानी काळाची माती, तिच्याखाली सातवाहनांचा थर, त्यात रोमन मद्यकुंभांचे तुकडे, त्याखाली तांब्या-दगडाच्या हत्यारांचं तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव. आणि प्रवरेच्या काठच्या गाळात त्याहूनही जुनी दगडी हत्यारं. त्यांच्या अहवालाचं नावच मुळी इतिहासाकडून प्रागितिहासाकडे अशा अर्थाचं आहे, म्हणजे वरून खाली. लहानपणी आम्हाला वाटायचं की खोदणं म्हणजे कुदळ मारणं. मोठेपणी कळलं, की उत्खननात कसब असतं ते थर कुठे बदलतो हे ओळखून तिथे थांबण्यात.

कॉर्नियाच्या रोपणाची जुनी रीत आरपार होती. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्समध्ये एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला दुसऱ्याचा कॉर्निया बसवला आणि तो टिकला. माणसाच्या पूर्ण जाडीच्या कॉर्नियाचं ते पहिलं यशस्वी रोपण. आरपार गोल तुकडा कापायचा, तेवढाच दात्याचा बसवायचा. केराटोकोनसमध्ये आजही त्याचे निकाल चांगले येतात. पण त्यात रुग्णाचे स्वतःचे निरोगी पंपही कापले जातात. दुसऱ्याचे पंप शरीराला परके. ते त्यांच्यावर केव्हाही उलटू शकतं, दहा वर्षांनीसुद्धा. ज्या पोराचे पंप ठणठणीत आहेत, त्याचे ते काढून परके का बसवायचे?

म्हणून खोदत जायचं, पण शेवटचा थर लागला की थांबायचं. अडचण अशी, की तो थर डोळ्यांना दिसत नाही. सगळंच पारदर्शक! त्यावर मोहम्मद अन्वर आणि क्लाउस टाइखमान यांनी २००२ मध्ये दिलेली युक्ती ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. अर्धवट खोदल्यावर सुई आत तिरकी घालायची आणि हवा मारायची. हवा कॉर्नियाच्या पापुद्र्यांत घुसते, तो पांढरा होत जातो, आणि एका क्षणी तळाशी एकदम गोल बुडबुडा उठतो. तव्यावरची भाकरी टम्म फुगते ना, दोन पदर वेगळे होऊन, अगदी तसं. वरचा पदर कापून काढायचा. खालचा, काचेसारखा लख्ख, रुग्णाचा स्वतःचा, तसाच ठेवायचा आणि त्याच्यावर दात्याचा वरचा भाग टाके घालून बसवायचा.

हा बुडबुडा कुठे उठतो याचा शोध घेताना २०१३ साली कॉर्नियाचा एक नवा थर जाहीर झाला. जाहीर करणारे हरमिंदर दुआ इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातले, पण वैद्यकीय शिक्षण नागपूरचं. दहा-पंधरा मायक्रॉनचा, हवेला दाद न देणारा चिवट पडदा. बुडबुडा त्याच्या वरच्या बाजूला उठला तर तळ मजबूत राहतो. खालच्या बाजूला उठला तर फुटायची भीती. त्याला वेगळा थर म्हणायचं की नाही, आणि शोधणाऱ्याचं नाव द्यायचं की नाही, यावर जाणकारांत अजून तणातणी आहे. आपल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याला मात्र आपण नेमके कोणत्या मातीवर उभे आहोत हे त्यामुळे कळलं. शंकू फार पातळ असेल किंवा आतला पडदा पूर्वी एकदा फाटून पाणी शिरलेलं असेल, तर बुडबुडा मारणं जोखमीचं. तिथे हाताने, पापुद्र्यामागून पापुद्रा काढत जावं लागतं, आणि भोक पडलंच तर जुन्या आरपार रोपणावर यावं लागतं.

टाक्यांचा धागा नायलॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. बरेचदा सोळा टाके, चाकाच्या आऱ्यांसारखे. ते वर्षभर तरी, पुष्कळदा त्याहूनही जास्त, डोळ्यात राहतात. नायलॉन यायच्या आधी डोळ्याचे सर्जन रेशीम वापरायचे. लाडमोडच्या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याचे मणी सापडले होते, आणि ते ज्या धाग्यात ओवले होते त्यात रेशीम असल्याची नोंद आहे. या दोन धाग्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मला आठवलं, एवढंच.

दात्याचा कॉर्निया मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावा लागतो. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, तरी चालतं. पूर्ण डोळा ‘बसवतात’ हा आपल्याकडचा समज चुकीचा; बसतो तो हा आठ कागदांचा पडदाच. आणि आता चंद्रकोरी, बोमनचा थर, वरचा भाग, आतले पंप असं सगळं वेगवेगळं वापरता येत असल्यामुळे एका डोळ्याचं दान एकाहून जास्त माणसांना पुरू शकतं.

भाच्याला खोदकामाची वेळ आली नाही. लाइट मारून तीन वर्षं होत आली. दर सहा महिन्यांनी नकाशा काढतो, लाल ठिपका जागचा हललेला नाही. दिसण्यासाठी त्याला स्क्लेरल लेन्स दिली आहे. ही मोठी, वाटीसारखी लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि शंकूला शिवतही नाही. मधल्या पोकळीत सलाइनचं पाणी राहतं. शंकूचे सगळे खड्डे-उंचवटे त्या पाण्याखाली जातात, आणि प्रकाशाला लागतो तो लेन्सचा गोल पृष्ठभाग. डोंगरदऱ्यांवर नाथसागर धरणाचं पाणी चढावं, तसं. कॉलेजला जायच्या आधी तो रोज सकाळी टेबलावर टॉवेल पसरतो, वाटी काठोकाठ भरतो, मान पूर्ण खाली घालून डोळ्याला लावतो. घाई झाली की पाणी सांडतं आणि लेन्सखाली हवेचा बुडबुडा अडकतो. सर्जन ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवतात तो बुडबुडा, आणि हा त्याला नेवाशाच्या अस्सल भाषेत शिव्या घालत लेन्स काढतो, आणि पुन्हा पहिल्यापासून.